फ्लॅश गॉर्डनच्या जुन्या सिरियलींनी पुढच्या अंतराळपटांना नेमकं काय दिलं?

धूमकेतू

सध्या रात्री जेवणं आटोपली की १९३६ ची 'फ्लॅश गॉर्डन' बघतोय, रोज एक भाग. इथे बरेच स्टार वॉर्सप्रेमी आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी: फ्लॅश हा पृथ्वीवरचा वीर, डेल ही मैत्रीण आणि शास्त्रज्ञ डॉ. झारकॉव्ह यांच्याबरोबर मंगो ग्रहावर पोचतो आणि तिथल्या क्रूर सम्राट मिंगशी लढतो. ही सिरियल टीव्हीवरची नव्हे. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य सिनेमाबरोबर वीसेक मिनिटांचा एक भाग दाखवत. भाग संपताना नायक मरणाच्या दारात उभा, आणि तो वाचला का हे कळायला पुढच्या आठवड्याचं तिकीट काढायचं. शनिवार दुपारच्या खेळाला पोरांची झुंबड उडायची ती यासाठी. युनिव्हर्सलने फ्लॅश गॉर्डनच्या अशा तीन सिरियली काढल्या. पहिली १९३६ ची, १३ भागांची. मग १९३८ ची मंगळावरची, १५ भाग. शेवटची १९४० ची, १२ भाग. मध्ये १९३९ साली 'बक रॉजर्स' या तशाच दुसऱ्या अंतराळवीराचे १२ भाग. चारही ठिकाणी नायक एकच, बस्टर क्रॅब. हा गडी मुळात जलतरणपटू, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवलेला.

'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकसला मुळात फ्लॅश गॉर्डनच करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचं विश्व रचलं, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. त्यावरून लोक म्हणतात की गोष्ट तिथूनच उचलली. मला ते पटत नाही. कथा फारशी घेतलेलीच नाही. घेतली ती सांगायची रीत. मागे काय घडलं ते तिरक्या, दूर जाणाऱ्या ओळींत सांगायचं आणि थेट हाणामारीच्या मध्यावर प्रेक्षकाला सोडायचं. हे यंत्र कसं चालतं, त्या प्राण्याचं नाव काय, हे समजावत बसायचं नाही. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना चित्र पुसत न्यायचं. १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स' सिनेमा आपण एखाद्या सिरियलचा मधलाच भाग बघतोय असा सुरू होतो, आणि माझ्या मते त्याची निम्मी जादू त्यातच आहे.

तुम्हाला काय वाटतं? आणि स्टार वॉर्सपलीकडे हा वारसा कुठे दिसतो?

नाममात्र

वाचतोय. जाणकारांनी लिहावं.

सायंतारा

छान विषय! एक भर घालते. ती तिरकी अक्षरं १९३६ च्या सिरियलमध्ये नाहीत. १९३८ मध्ये मागची कथा कॉमिकच्या चौकटी दाखवून सांगितली आहे. दूर जाणारा मजकूर येतो १९३९ च्या 'बक रॉजर्स'मध्ये आणि १९४० च्या फ्लॅश गॉर्डनमध्ये. १९४० चा कुठलाही भाग लावा आणि पहिलं मिनिट बघा, अंगावर काटा येतो. आपल्याला लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट तिथे सदतीस वर्षं आधीच उभी असते. पार्श्वसंगीत लिस्ट या संगीतकाराच्या 'ले प्रेल्यूद'चं. म्हणजे अंतराळातल्या मारामारीला एकोणिसाव्या शतकातला भरगच्च ऑर्केस्ट्रा लावायचा, हीसुद्धा तिथलीच सवय. १९७७ साली सगळे विज्ञानपटांना इलेक्ट्रॉनिक आवाज लावत असताना 'स्टार वॉर्स'चा संगीतकार जॉन विल्यम्सने पूर्ण वाद्यवृंद वापरला, तेव्हा तो या जुन्या सवयीकडे परत गेला.

१९७७ ला तो मजकूर कॉम्प्युटरवर केलेला नाही हेही सांगायला हवं. जमिनीवर लांबलचक काळा पट्टा, त्यावर खरीखुरी पिवळी अक्षरं आणि वरून हळू सरकणारा कॅमेरा.

जुना_प्रोजेक्टर

धागाकर्त्यांशी निम्माच सहमत.

एक, चित्र पुसत प्रसंग बदलणं, म्हणजे वाइप. याचं श्रेय सिरियलींना देण्याआधी जपानी दिग्दर्शक कुरोसावाकडे बघा. त्याचा 'हिडन फोर्ट्रेस' १९५८ चा. दोन भांडकुदळ गरीब शेतकऱ्यांच्या नजरेतून राजकन्या आणि सेनापतीची गोष्ट सांगितली आहे, आणि लुकसने त्याचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे. 'स्टार वॉर्स'मधले आर-टू आणि थ्रीपीओ हे दोन यंत्रमानव तिथून आलेत, मंगो ग्रहावरून नव्हे.

दोन, सिरियली हा मुळात उगम नव्हे, पन्हाळ आहे. पाणी वरून येतं. ॲलेक्स रेमंडची चित्रकथा ७ जानेवारी १९३४ पासून रविवारच्या पेपरांत येऊ लागली आणि तिची रेषा सिरियलपेक्षा कैक पटींनी देखणी आहे. ती चित्रकथा आली बक रॉजर्सच्या यशाला उत्तर म्हणून. बक रॉजर्सची चित्रकथा १९२९ ची. आणि या सगळ्यांच्या मागे एडगर राइस बरोजची १९१२ ची मंगळकथा: तलवारी, राजकन्या, परग्रहावर जाऊन पडलेला पृथ्वीवरचा वीर. युनिव्हर्सलने कार्डबोर्डचे महाल उभे केले म्हणून ते जनक ठरत नाहीत.

धूमकेतू

जुना_प्रोजेक्टर, कुरोसावाचं ऋण कोण नाकारतंय? पण त्याचा वाइप बघा: सरळ, एका बाजूकडून दुसरीकडे, करारी. १९७७ च्या सिनेमात घड्याळाच्या काट्यासारखे फिरणारे, तिरके, गोल मिटत जाणारे असे नाना प्रकार आहेत. ही हौस सिरियलवाल्यांची. तिथे प्रत्येक भागात संकलकाने पेटीतली सगळी हत्यारं बाहेर काढलेली असतात.

बरोज आणि रेमंडबद्दल पूर्ण सहमत. पण चित्रकथेत वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो. वीस मिनिटांत तीन सुटका आणि दोन कैद बसवायची, तीही पोरांनी खुर्ची सोडू नये अशा बेताने, हे सिनेमाचं काम सिरियलींनी केलं.

मृण्मयी_के

कथा घेतलीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १९३६ च्या सिरियलमधलं आकाशनगर आठवा.

पंखवाल्या ससाणा-माणसांचा राजा व्हल्टन. त्याचं शहर ढगांच्या वर, खालून येणाऱ्या किरणांवर तोललेलं. ते किरण तयार होतात अणुभट्ट्यांत, आणि भट्ट्यांत रेडियम टाकायला कैदी जुंपलेले. फ्लॅश, राजपुत्र बॅरिन आणि सिंहमानवांचा थन फावड्याने रेडियम ओढतायत, घामाने निथळतायत, मागे पहारेकरी चाबूक घेऊन उभा. पुढे फ्लॅश भट्टी उडवतो. उडवली की किरण बंद पडतात आणि शहर कलायला लागतं! सिंहासनावरचा व्हल्टन, डेल, सगळे एका बाजूला झुकतात. शेवटी डॉ. झारकॉव्ह नवीन किरण शोधून शहर वाचवतो, आणि मग कुठे व्हल्टन मित्र होतो.

आता १९८० चं 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक', म्हणजे 'स्टार वॉर्स'चा दुसरा सिनेमा, बघा. ढगांतलं शहर आहे, वरकरणी पाहुणचार करणारा आणि आतून अडकलेला यजमान आहे, पाहुण्यांची कैद आहे आणि शेवटी यजमानाने बाजू बदलणंही आहे. सांगाडा तोच. फक्त तिथल्या यजमानाला, लँडोला, व्हल्टनपेक्षा कितीतरी जास्त मन दिलंय.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी वेळा सांगितली जाते. या सिनेमाचा पहिला मसुदा लुकसने ली ब्रॅकेटकडून लिहून घेतला होता. ब्रॅकेटबाई चाळीसच्या दशकात स्वस्त कागदावरच्या मासिकांत मंगळ-शुक्राच्या साहसकथा लिहायच्या. 'स्पेस ऑपेरा' हा शब्द १९४१ मध्ये विल्सन टकरने शिवी म्हणून काढला. ती शिवी ज्या लिखाणाला दिली जायची, तेच बाईंनी मनापासून आणि उत्तम केलं. मसुदा देऊन मार्च १९७८ मध्ये त्या गेल्या. सिनेमा त्यांना बघायला मिळाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोटोबा

रेडियम फावड्याने? हातमोजे तरी होते का हो?

मृण्मयी_के

@पोटोबा, हातमोजे कसले, अंगात सदरासुद्धा नाही. ऑलिंपिकवाला घेतलाय तर खांदे दिसायला नकोत का!

खटपट्या

मी सिनेमाच्या सेटवर मॉडेलची कामं करतो, म्हणून माझा डोळा दुसरीकडेच जातो.

फ्लॅश गॉर्डनचं यान तारेवर टांगलेलं असतं. शेपटीला फटाक्याची दारू. पेटली की ठिणग्या मागे पडतात पण धूर सरळ वर चढतो, कारण ते अंतराळ नसून बंद स्टुडिओ आहे. इंजिनाचा आवाज भुंग्यासारखा. यानाची मॉडेलं १९३० च्या 'जस्ट इमॅजिन' या सिनेमातून आलेली. प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रं फ्रँकेन्स्टाइनवाल्या केनेथ स्ट्रिकफाडेनची. संगीतातले बरेच तुकडे 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'चे. १९४० च्या सिरियलमध्ये फ्रिजिया नावाच्या बर्फाळ राज्यात जी गिर्यारोहणाची दृश्यं आहेत, ती एका जुन्या जर्मन पर्वतपटातून सरळ कापून लावलेली. पहिल्याच भागातले डायनासोर म्हणजे पाठीवर खवले चिकटवलेले खरे सरडे, जवळून चित्रित केलेले.

हे सांगताना लोक हसतात. मी नाही हसत. हाताशी आहे त्यातून विश्व उभं करायचं हे आमच्या धंद्याचं पहिलं कौशल्य आहे. १९७७ साठी जी यानं बनवली, त्यांच्या अंगावरचे पाइप, खाचा, झडपा हे सगळं बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक किटांतले सुटे भाग आहेत. वृत्ती तीच. फरक पडला तो कॅमेऱ्यात. जॉन डायक्स्ट्राच्या टीमने कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरने नोंदवून तीच पुन्हा हुबेहूब करायची सोय केली. त्यामुळे यान जागेवर राहिलं तरी चालतं, कॅमेरा त्याच्याभोवती झेपावतो. तारेवरचं यान कधी वळणच घेऊ शकत नव्हतं, डायक्स्ट्राचं घेऊ लागलं.

रिपब्लिक स्टुडिओच्या लायडेकर बंधूंचं कामही बघा. १९४९ च्या 'किंग ऑफ द रॉकेट मेन'मध्ये माणूस उडतो. पुरुषभर उंचीचा पुतळा, तारांवरून कप्पीने सोडलेला, आणि शूटिंग भर उन्हात, उघड्या आभाळाखाली. त्यामुळे सावली खरी पडते आणि डोळा फसतो. आजही मला ती उड्डाणं बऱ्याच कॉम्प्युटरच्या कामापेक्षा पटतात.

सांजवात

खटपट्या, जबरदस्त प्रतिसाद. त्या रॉकेटवाल्याच्या छातीवर नुसत्या दोन-तीन चकत्या असतात ना? वर-खाली, हळू-जोरात. बास! विमान चालवायला इतकं सोपं असतं तर काय हवं होतं.

वैदेही_न

सगळे कौतुकात रमलेत, तर एक अप्रिय मुद्दा मांडते.

मिंग. लांब नखं, लोंबत्या मिशा, उंच कॉलर, नावसुद्धा चिनी राजघराण्याचं. त्या काळी अमेरिकेत आशियाई माणसांविषयी जी भीती पसरवली जात होती, तिचंच हे अंतराळातलं रूप. भूमिका करणारा चार्ल्स मिडलटन गोरा. १९८० च्या रंगीत 'फ्लॅश गॉर्डन'मध्येही मॅक्स फॉन सिडोला तोच मेकअप. हा वारसाही पुढे आला आहे. १९९९ च्या 'फँटम मेनेस' या स्टार वॉर्सपटातल्या व्यापारसंघाच्या परग्रहवासीयांचे उच्चार ऐकून अमेरिकेतल्या समीक्षकांनी हाच आक्षेप घेतला होता. आपण आशियाई प्रेक्षक. आपल्याला हे खटकायला हवं.

दुसरं डेलचं. तिचं काम किंचाळणं, शुद्ध हरपणं आणि पळवून नेलं जाणं. मिंगची मुलगी ऑरा मात्र स्वतःच्या बापाविरुद्ध जाते, बंदूक उचलते, डाव टाकते. ती 'वाईट' म्हणून तिला मोकळीक. १९७७ मध्ये राजकन्या लेयाला सोडवायला आलेल्या पुरुषांच्या हातातली बंदूक ती हिसकावते आणि कचऱ्याच्या नळीतून वाट काढते. मला वाटतं तिथे डेलची जागा आणि ऑराचा स्वभाव एकत्र आलेत. लुकसने सिरियलीतून जे घेतलं त्यात सगळ्यात चांगली दुरुस्ती हीच.

उंबरठा

वैदेहीताई, १९३६ ची गोष्ट १९३६ च्या मापाने मोजावी. तेव्हा सगळेच तसे होते.

वैदेही_न

@उंबरठा, मी सिरियल बघू नका म्हणत नाही. मी स्वतः तिन्ही बघितल्यात. पण धाग्याचा प्रश्न 'पुढच्यांना काय दिलं' हा आहे. दिलेल्यात हेही आहे, मग ते यादीतून वगळायचं कशाला?

जुना_प्रोजेक्टर

वैदेहींशी सहमत. ऑराबद्दलचं निरीक्षण फार नेमकं आहे. प्रिसिला लॉसनने ती भूमिका केलीही तशीच, ताठ मानेने.

सांगलीकर

अवांतर: इंद्रजाल कॉमिक्स कुणाकुणाला आठवतात? टाइम्स गटाची, १९६४ ला सुरू झालेली. मराठीतही यायची. वेताळ आणि मँड्रेकसाठी मारामाऱ्या व्हायच्या. मधूनच फ्लॅश गॉर्डनचा अंक यायचा आणि आम्ही नाराज व्हायचो, कारण कवटीची अंगठी नाही! पण माझ्या थोरल्या भावाने तेच अंक जपून ठेवले. त्याला विचारलं तर आजही मिंग, झारकॉव्ह, मंगो सगळं सांगेल. आपल्याकडे सिरियल कुणी पाहिली नाही, पण गडी ओळखीचा होता.

सायंतारा

अवांतरात भर: आपल्याकडे अंतराळाच्या नसल्या तरी अमेरिकन सिरियली मूकपटांच्या काळापासून थिएटरात गाजत होत्या. जे. बी. एच. वाडिया त्यांचे चाहते. त्यातूनच मुंबईत वाडिया मूव्हीटोनचे स्टंटपट आले, १९३५ ची 'हंटरवाली', त्यांतल्या नायिका नाडियाबाईंच्या उड्या. फ्लॅश गॉर्डनच्या एक वर्ष आधी! मला तर डेलपेक्षा नाडिया हजार पटींनी आवडते.

पोटोबा

नाडियाबाईंना मंगोवर पाठवलं असतं तर तेरा भाग लागलेच नसते. तिसऱ्या भागात मिंग शरण.

बेएरियाकर

इथून मोडेस्टो गाडीने दीड-दोन तासांवर. लुकसचं गाव, सपाट शेतीचा मुलूख, बदामाच्या बागा. तो १९४४ चा. थिएटरातला या सिरियलींचा काळ त्याने मोठ्यांसारखा अनुभवलेला नाही. पन्नाशीच्या दशकात टीव्ही केंद्रांनी स्वस्तात विकत घेऊन त्या संध्याकाळी लावायला सुरुवात केली आणि त्या पिढीने त्या घरात बसून पाहिल्या. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आठवड्याची वाट बघणं टीव्हीवर गेलं, उरला तो नुसता वेग.

त्याचा पहिला सिनेमा 'टीएचएक्स ११३८', १९७१ चा, आठवतोय का? थंड, पांढरा, माणसांना आकडे दिलेलं भुयारी जग. आणि तो सुरू कशाने होतो, तर १९३९ च्या बक रॉजर्सच्या जाहिरातपटाने! उद्याचं जग किती अद्भुत असेल ते सांगणारा उत्साही आवाज, आणि लगेच ते कोंदट भविष्य. तिथे जुनी सिरियल त्याने विरोध दाखवायला वापरली. सहा वर्षांनी तिलाच मिठी मारली. मधल्या काळात व्हिएतनाम, वॉटरगेट झालं होतं. लोकांना सरळ मनाने टाळ्या वाजवता येतील असं काहीतरी हवं होतं, असं त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय.

खटपट्या

स्टार वॉर्सपलीकडचं कुणीच बोललं नाही, म्हणून मीच. वर सांगितलेल्या रॉकेटवाल्यावरून डेव्ह स्टीव्हन्सने १९८२ मध्ये 'रॉकेटिअर' ही चित्रकथा काढली. १९९१ ला डिस्नेने सिनेमा केला. दिग्दर्शक जो जॉन्स्टन, जो आधी स्टार वॉर्सच्या यानांची चित्रं काढत होता आणि त्यातल्याच पाठीवर रॉकेट असलेल्या बोबा फेटच्या चिलखताच्या रचनेतही होता. म्हणजे पाठीवर रॉकेट बांधलेला माणूस दोन्ही वाटांनी पुढे आला.

आणि १९५२ च्या 'झॉम्बीज ऑफ द स्ट्रॅटोस्फिअर'मध्ये मंगळावरून आलेल्या तिघांत एक तरुण पोरगा आहे, नराब नावाचा. तो लेनर्ड निमॉय. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक व्हायला अजून चौदा वर्षं होती.

सांजवात

स्पॉक आधी मंगळावरचा होता! रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघणाऱ्या आमच्या आख्ख्या वाड्याला हे सांगायला हवं.

नाममात्र

आतापर्यंत नुसता वाचत होतो, एक प्रश्न. भागाच्या शेवटी नायक मेलाच असं दाखवून पुढच्या भागात भलतंच काहीतरी दाखवायचे, ही फसवणूक नाही का? स्टार वॉर्सने तेही घेतलं?

मृण्मयी_के

@नाममात्र, काही सिरियलींत सरळ फसवणूकच असायची. गाडी दरीत कोसळताना बघितलेली असते, आणि पुढच्या आठवड्यात नायक कोसळण्याआधीच उडी मारताना दिसतो. पण १९३६ च्या पहिल्या भागाचा शेवट बघा. आखाड्यात फ्लॅश लढतोय, ऑरा त्याच्या बाजूने मध्ये घुसते, मिंग खालची फळी उघडायला लावतो आणि दोघं खड्ड्यात पडतात. पुढच्या भागात मिंग मुलीसाठी जाळी लावायला सांगतो. म्हणजे सुटका पात्राच्या स्वभावातून आली, मिंग बापही आहे म्हणून. याला मी फसवणूक म्हणणार नाही.

'एम्पायर'चा शेवट याच जातीचा. मित्र हान गोठवलेला, नायक ल्यूकचा हात गेलेला, बापाचा प्रश्न लटकलेला. आणि पुढचा भाग आठवड्याने नव्हे, तीन वर्षांनी!

पोटोबा

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

जुना_प्रोजेक्टर

मृण्मयी आणि बेएरियाकर यांचे प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. पन्हाळ हा शब्द मी मागे घेत नाही, पण बेएरियाकरांनी म्हटलेला वेगाचा मुद्दा मला पटतो. १९५६ चा 'फॉरबिडन प्लॅनेट' किंवा १९६८ चा '२००१' यांनी अंतराळाला गांभीर्य दिलं, दोन्ही मला अतिशय प्रिय. पण तिथे माणसं अंतराळाकडे बघत थांबतात. सिरियलींत कुणालाच थांबायला वेळ नाही. परग्रहावर उतरले की दोन मिनिटांत भांडण. १९७७ ने '२००१'ची नजाकत घेतली, यानाचा तो प्रचंड आकार डोक्यावरून सरकवला, आणि लगेच दार फोडून मारामारी सुरू केली. हे दोन्ही एकत्र येणं हीच त्या सिनेमाची खरी नवलाई. त्यात सिरियलींचा वाटा निम्म्याहून कमी नाही, हे मान्य.

धूमकेतू

हे वाक्य मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं इतकं आवडलं. सगळ्यांचे आभार.

पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीची 'एपिसोड फोर' ही पाटी १९७७ ला नव्हती, १९८१ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना लावली, हेही नोंदवून ठेवतो. पहिल्यांदा बघणाऱ्यांना मधल्या भागात सोडलं होतं ते कुठल्याही आकड्याशिवाय.

सांगलीकर

भावाच्या नातवंडांना दाखवायची आहे. पोरं आठ आणि अकरा वर्षांची. कुठून सुरू करू?

मृण्मयी_के

@सांगलीकर, १९३८ ची मंगळवाली आधी लावा, आणि एका बैठकीत एकच भाग. सलग बघितली की तेच ते वाटतं, ती तशी बघण्यासाठी बनलेलीच नाही. दुसऱ्या भागात गुहेच्या भिंती हलायला लागतात आणि त्यांतून मातीची माणसं बाहेर पडतात. मंगळाच्या राणीने शाप देऊन माती केलेली माणसं. भिंतीचं चित्र विरत विरत त्यात माणसाचा आकार उमटतो, एवढीच युक्ती, पण पोरं गप्प होतील. तिथल्या प्रकाशाच्या पुलाबद्दल आधी सांगू नका. १९३६ ची त्यानंतर, आणि मिंगबद्दल वैदेहीने लिहिलंय ते अकरा वर्षांच्या पोराला समजावून सांगा, त्याला कळेल.

सांगलीकर

धन्यवाद. रविवारी लावतो, मोठ्या भावालाही बोलावलंय. त्याचे इंद्रजालचे अंक घेऊन ये म्हटलंय.